अ‍ॅस्पायर नॉटिलस मिनी : चढ्या व्होल्टेजवर कॉइल किती टिकते?

लंडनच्या पश्चिमेला स्लाव येथे राहायला आल्यावर मी चौदा वर्षांची सिगारेट सोडली आणि तिच्या जागी ई-सिगारेट धरली. तेव्हापासून अ‍ॅस्पायर कंपनीचा नॉटिलस मिनी हा, ई-सिगारेटचा द्रव तापवून त्याची वाफ करणारा, अ‍ॅटोमायझर मी रोज वापरतो. त्याच्या चवीबद्दल आणि रूपाबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून हे परीक्षण मी एकाच प्रश्नापुरते ठेवले आहे: व्होल्टेज चढे ठेवून झुरके घेणाऱ्या माणसाला याची कॉइल, म्हणजे तापणाऱ्या तारेचा बदलता भाग, किती दिवस पुरते आणि ती अधिक दिवस पुरावी म्हणून काय करता येते. पाच कॉइलच्या पाकिटाला मला अकरा पौंडांच्या आसपास पडतात. सुरुवातीच्या काळात असे पाकीट तीन आठवड्यांत संपत असे, आता ते साडेतीन महिने जाते. हा फरक नवे यंत्र घेऊन पडलेला नाही, तो वापरण्याच्या पद्धतीतून पडला आहे.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, साठा, विक्री आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. त्यामुळे पुण्याला जाताना मी हे यंत्र स्लावच्या घरीच ठेवून जातो आणि इथल्या मराठी मंडळींनीही तसेच करावे. ज्याने कधी सिगारेट ओढलेली नाही, त्याच्यासाठी हे लिखाण नाही. निकोटिनची सवय ही नव्याने लावून घेण्याची गोष्ट नव्हे.

यंत्राची रचना थोडक्यात अशी आहे. वर दोन मिलिलिटरची काचेची टाकी, खाली तळाचा भाग, तिथेच हवा कमी-जास्त करण्याचे चार छिद्रांचे कडे, आणि तळाच्या आट्यांवर बसणारी बदलती कॉइल. या कॉइलमध्ये तारेचे वेटोळे उभे असते, त्याच्याभोवती कापूस गुंडाळलेला असतो आणि बाहेर धातूचे कवच असते. कवचाच्या बारीक छिद्रांतून द्रव कापसात शिरतो, कापूस तो तारेपर्यंत नेतो आणि तापलेल्या तारेपाशी त्याची वाफ होते. माझी बॅटरी पेनासारखी आहे आणि तिच्या तळाची चकती फिरवून ३.३ पासून ४.८ व्होल्टपर्यंत जाता येते.

व्होल्टेज थोडेसेच वाढवले, असे आपल्याला वाटते ते चकतीवरचे आकडे जवळजवळचे असतात म्हणून. प्रत्यक्षात उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.८ ओहमच्या (ओहम म्हणजे तारेचा विजेला होणारा रोध मोजण्याचे एकक) कॉइलला ३.७ व्होल्टवर सुमारे ७.६ वॉट मिळतात आणि ४.८ व्होल्टवर १२.८ वॉट. म्हणजे व्होल्टेज तीस टक्क्यांनी वाढले, पण तारेत निर्माण होणारी उष्णता जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढली. नॉटिलससाठी १.६ ओहमच्या कॉइलही मिळतात आणि ओहम कमी म्हणजे उष्णता कमी, अशी अनेकांची समजूत असते. ती उलटी आहे. त्याच ४.२ व्होल्टवर १.८ ओहमची कॉइल ९.८ वॉट घेते, तर १.६ ओहमची ११ वॉट. त्यामुळे ज्यांना चकती वरच्या टोकाला ठेवायची आहे, त्यांनी १.८ ओहमचीच कॉइल घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉइल जळली असे आपण म्हणतो तेव्हा तार क्वचितच जळालेली असते. अशा कॉइलमध्ये सामान्यतः कँथल नावाच्या मिश्रधातूची तार असते. लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांपासून ती बनते आणि १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. आपल्या पेनातली बॅटरी तिचे काही बिघडवू शकत नाही. बिघडते ती वात. समईत तेल आहे तोवर वात स्वतः जळत नाही, ती तेल वर ओढून जाळते. तेल संपले की ज्योत वातीलाच धरते आणि काजळी जमते. इथे ज्योत नाही, एवढा फरक सोडला तर हिशेब तोच आहे. तार ज्या वेगाने द्रवाची वाफ करते त्या वेगाने कापसाने नवा द्रव आणला पाहिजे. चढ्या व्होल्टेजवर वाफ होण्याचा वेग वाढतो, पण कापसाचा द्रव ओढण्याचा वेग आहे तेवढाच राहतो, आणि या दोन्हींमधल्या तफावतीत कॉइलचे आयुष्य संपते.

हे मला पुस्तकी वाटू नये म्हणून मी एकदा दोन वापरलेल्या कॉइलची कवचे पक्कडीने सोलून पाहिली. पहिली ३.८ व्होल्टवर तीन आठवडे चाललेली होती. तिचा कापूस बाहेरून पांढरट पिवळा होता, आत चहाच्या रंगाचा होत गेला होता आणि तरीही ओला व मऊ होता. दुसरी ४.८ वर चारच दिवस चाललेली होती. तिच्या कापसाची बाहेरची बाजू जवळजवळ कोरी होती, पण तारेला लागून असलेला थर काळा पडून कडक झाला होता आणि नखाने दाबताच चुरा होत होता. तारेच्या वेढ्यांवर, पाक करपल्यावर कढईच्या तळाशी धरते तशी चिवट काळी खरपुडी होती. बाहेर द्रव भरपूर होता आणि आत वात कोरडी पडली होती. टाकी भरलेली असतानाही करपट चव का येते, याचे उत्तर मला त्या कापसात मिळाले.

त्यानंतर मी पहिली सवय बदलली ती नवी कॉइल बसवण्याची. पूर्वी मी कॉइल बसवून, टाकी भरून लगेच बटण दाबत असे, आणि कोरडा कापूस पहिल्या दोन झुरक्यांतच डागत असे. एकदा डागलेल्या कापसाची चव शेवटपर्यंत सुधारत नाही. आता कवचाच्या प्रत्येक छिद्रावर एकेक थेंब आणि वरच्या तोंडातून आतल्या भिंतीवर दोन थेंब सोडतो, कापसाचा रंग ओलाव्याने बदललेला दिसेपर्यंत थांबतो, मग टाकी भरून ती उभी ठेवतो आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे तिच्याकडे पाहत नाही. मग बटण न दाबता चार-पाच ओढ घेतो. पहिला दिवस ३.५ च्या आसपास काढतो आणि दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे वर नेतो.

दुसरी गोष्ट झुरक्यांमधल्या अंतराची. सिगारेट ओढणाऱ्याला एकामागून एक झुरका घेण्याची सवय असते, कारण सिगारेट आपली आपण जळत असते. इथे मात्र प्रत्येक झुरक्यानंतर वातीला पुन्हा भिजायला वेळ द्यावा लागतो. ३.७ वर दहा सेकंद पुरतात, ४.२ च्या वर मी अर्धा मिनिट थांबतो आणि बटण चार सेकंदांपेक्षा अधिक दाबत नाही. हवेच्या कड्याचे सर्वांत मोठे छिद्रही मी चढ्या व्होल्टेजला उघडे ठेवतो. जास्त हवेने वाफ तारेपासून लवकर निघून जाते आणि तार थंड राहते. लहान छिद्रावर ४.५ व्होल्ट ठेवणे म्हणजे कॉइल हाताने जाळणे होय.

द्रवाचा परिणाम मात्र व्होल्टेजइतकाच मोठा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ई-सिगारेटच्या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिले पातळ असते आणि १८८ अंशांना उकळते. ग्लिसरीन काकवीसारखे दाट असते आणि २९० अंशांना उकळते. ग्लिसरीन जितके जास्त तितका द्रव कापसात हळू शिरतो. नॉटिलसच्या लहान छिद्रांना निम्मे-निम्मे मिश्रण मानवते. सत्तर टक्के ग्लिसरीनचे द्रव घालून चकती वर नेली की दुसऱ्याच दिवशी करपट वास येतो. त्याहून वाईट म्हणजे गोडवा. सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा घातलेले कस्टर्ड, केक वगैरे स्वादाचे द्रव वाफ होऊन जातात, पण गोडवा तारेवर उरतो आणि करपतो. मूळचे सांगलीचे माझे एक स्नेही हेच यंत्र आणि हीच कॉइल वापरतात. त्यांची कॉइल तीन दिवसांत जाई आणि दोष ते यंत्राला देत. मी त्यांना महिनाभर साधे पुदिन्याचे, रंगहीन द्रव वापरायला सांगितले. व्होल्टेज त्यांनी होते तेवढेच ठेवले, तरीही कॉइल अकरा दिवस चालली.

करपट झुरका फक्त चवीचा प्रश्न नाही, म्हणूनही या विषयाची मला आस्था आहे. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचे एक पत्र छापून आले. त्यांना ३.३ व्होल्टवर न आढळलेली, फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू सोडणारी संयुगे ५ व्होल्टवर आढळली होती. त्याच वर्षी अ‍ॅडिक्शन या नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की फॉर्माल्डिहाइड ज्या गटात मोडतो त्या अल्डिहाइडांचे प्रमाण वात कोरडी पडून झुरका करपतो तेव्हाच एकदम चढते, आणि सरावलेला माणूस तो झुरका चवीवरूनच ओळखतो. मी यातून माझ्यापुरता नियम केला आहे: घशाला करपट लागले की तो झुरका बाहेर सोडायचा, व्होल्टेज उतरवायचे, आणि पुढच्या झुरक्यालाही तेच लागले तर कॉइल टाकायची. अकरा पौंडांच्या पाचव्या हिश्श्यासाठी फॉर्माल्डिहाइड ओढण्यात काहीच शहाणपण नाही.

जुनी कॉइल धुऊन पुन्हा वापरण्याचा प्रयत्न मी केला आहे. रात्रभर गरम पाण्यात ठेवली, दिवसभर वाळवली, आणि जेमतेम दोन दिवस मिळाले. पूर्वीच्या सिलिकाच्या वातीच्या अ‍ॅटोमायझरमध्ये द्रव न घालता तार लाल करून खरपुडी जाळता येत असे. कापसाच्या कॉइलला ते करू नये, कारण तार लाल होण्याआधीच कापूस जळतो.

खरेदी करताना पाकिटावरचा खरवडण्याचा संकेतांक अवश्य तपासावा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की माल अस्सल आहे की नाही ते कळते. मी एकदा घाईत एका दुकानातून स्वस्त पाकीट घेतले. त्यातल्या तीन कॉइल मल्टिमीटरवर १.८ ऐवजी अनुक्रमे १.४, १.५ आणि २.१ ओहम भरल्या. १.४ च्या कॉइलला ४.४ व्होल्टवर जवळजवळ १४ वॉट जातात. ती एका संध्याकाळीच करपली आणि संकेतांक तर पाकिटावर नव्हताच. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत.

रचनेतील एक अडचण खरेदीआधी माहीत असावी. टाकी उलटी धरून तळ काढून भरावी लागते आणि मधल्या नळीत थेंब गेला तर पहिला झुरका गुरगुरतो. शिवाय दोन मिलिलिटर चढ्या व्होल्टेजवर लवकर संपतात. द्रव कवचाच्या छिद्रांखाली उतरला की वात हवा ओढू लागते, म्हणून मी पाव टाकी उरली की भरून घेतो. बाहेर पडताना खिशात दहा मिलिलिटरची बाटली असतेच. २०१७ पासून इथे निकोटिनयुक्त द्रवाला त्याहून मोठी बाटली मिळत नाही आणि टाकीलाही दोन मिलिलिटरचीच मर्यादा आहे.

ज्यांना ४.८ व्होल्टवरच समाधान मिळते आणि सलग झुरके हवे असतात, त्यांनी नॉटिलस मिनी घेऊ नये. त्यांना मोठ्या छिद्रांच्या, कमी ओहमच्या कॉइलची वेगळी टाकी लागते आणि तिच्यासाठी बॅटरीही वेगळी. ४.० ते ४.३ पर्यंत जाणाऱ्याला मात्र या किमतीत मी दुसरे काही सुचवणार नाही. माझी सध्याची १.८ ओहमची कॉइल ४.१ वर आहे. तिला आज तेविसावा दिवस आहे, टाकीतला द्रव किंचित गडद झाला आहे आणि झुरका अजून स्वच्छ लागतो.