जिलेटिनचा थर दिलेली डेक्रॉनची नळी: ओटी सिस्टरचा अभिप्राय

खराब रक्तवाहिनीच्या जागी बसवायची ही डेक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) विणलेली नळी पूर्वी रुग्णाच्याच रक्तात भिजवून, रक्त गोठवून घ्यावी लागे. नाहीतर विणीतूनच गळायची. त्यात आमचे सर घाईत! जिलेटिनच्या थराने ती कटकट संपवली. नळी वाकवा, ताणा, सुई घाला, थराचे पोपडे निघालेले मी तरी पाहिले नाहीत. थर कायमचा नाहीच. साधारण दोन आठवड्यांत शरीरात विरघळतो, तोवर विणीत पेशी शिरू लागतात. कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या उपकरणाने) कापायची असेल तर आधी सलाइनमध्ये बुडवा, कोरडी नळी करपते. रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवली की नळीसकट हातमोजेही नारिंगी. एकच राग: पुन्हा निर्जंतुक करता येत नाही. चुकीच्या मापाचं पाकीट फोडलं की एवढी महाग वस्तू थेट कचऱ्यात. म्हणून माप दोनदा विचारते, सर चिडले तरी.