टायलिंग विंडो मॅनेजर निवडताना: आयथ्री आणि डीडब्ल्यूएम

लिनक्सवर टायलिंग विंडो मॅनेजरकडे, म्हणजे विंडो एकमेकींवर न ठेवता फरशांसारख्या शेजारी-शेजारी मांडणाऱ्या प्रोग्रॅमकडे, वळू पाहणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा पडते ती नावांची लांबलचक यादी: आयथ्री, डीडब्ल्यूएम, ऑसम, एक्समोनॅड, स्वे, हायपरलँड. त्यातले एकेक नाव आजमावत बसण्याआधी दोन प्रश्नांचा निकाल लावून घ्यावा, असे माझे मत आहे. नवी विंडो कुठे उघडावी हे दर वेळी तुम्ही सांगणार, की एकदा ठरलेला नियम ते ठरवणार? आणि एखादी गोष्ट बदलावीशी वाटली, तर तो बदल साध्या मजकुराच्या फाइलीत करायचा आहे की मूळ कोडमध्ये? २००६ साली आलेला डीडब्ल्यूएम आणि २००९ साली आलेला आयथ्री या दोन्ही प्रश्नांवर अगदी समोरासमोर उभे आहेत, म्हणून तुलनेसाठी हीच जोडी घेतली आहे.

ब्राउझर उघडलेला आहे आणि त्याच्याशेजारी दोन टर्मिनल हवी आहेत, एवढे साधे काम घेऊ. आयथ्रीमध्ये पहिले टर्मिनल उघडताच पडदा निम्मानिम्मा वाटला जातो; दुसरे उघडले की त्याच रांगेत तिसरा उभा पट्टा तयार होतो आणि तिन्ही विंडो अरुंद होतात. हे टाळायचे, तर दुसरे टर्मिनल उघडण्याआधी मॉड आणि व्ही या कळा दाबून, पुढची विंडो शेजारी न येता खाली यावी, असे सांगून ठेवावे लागते. (मॉड म्हणजे सगळ्या शॉर्टकटची मुख्य कळ, आयथ्री पहिल्यांदा सुरू होताना ती विंडोज कळ असावी की आल्ट, हे विचारतो.) डीडब्ल्यूएममध्ये यातले काहीच सांगावे लागत नाही. डावीकडे पडद्याच्या ५५ टक्के रुंदीची एक मुख्य विंडो राहते आणि उरलेल्या उजवीकडे एकाखाली एक लागतात. मात्र नवी विंडो थेट मुख्य जागी येऊन बसते, त्यामुळे टर्मिनल उघडताच समोरचा ब्राउझर उजव्या रांगेत ढकलला जातो. त्याच्यावर फोकस नेऊन मॉड आणि एंटर दाबले की तो पुन्हा मुख्य जागी येतो.

ज्याच्या कामात एकच मोठी विंडो आणि तिच्या मदतीला दोन-तीन लहान विंडो असतात, त्याला डीडब्ल्यूएमचा नियम दोन दिवसांत अंगवळणी पडतो. ज्याला एका वर्कस्पेसमध्ये (म्हणजे विंडोंच्या स्वतंत्र आभासी पडद्यावर) चार फाइली टॅबमध्ये, दुसऱ्यात लॉग खालच्या पट्टीत आणि तिसऱ्यात आणखी काही वेगळे हवे असते, आणि हे सगळे जिथल्या तिथे राहायला हवे असते, त्याने आयथ्रीच घ्यावा. तिथे दोन कळा जास्त दाबाव्या लागतात, पण मांडलेली रचना आपोआप विस्कटत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न, कारण पहिल्या महिन्यात चुका होणारच. आयथ्रीच्या कॉन्फिगरेशन फाइलीत एखादी ओळ चुकली आणि मॉड, शिफ्ट व सी दाबून ती फाइल पुन्हा वाचायला लावली, तर वरच्या बाजूला लाल पट्टी येते आणि तिच्यावरच्या बटणातून नेमकी चूक पाहता येते. उघडी असलेली कामे तशीच चालू राहतात. डीडब्ल्यूएममध्ये सेटिंग म्हणजे सी भाषेतली एक हेडर फाइल, त्यामुळे साधा रंग बदलायचा असला तरी प्रोग्रॅम कंपाइल करून (कोडपासून नव्याने तयार करून) पुन्हा सुरू करावा लागतो. मूळ कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवण्याचा त्याच्या निर्मात्यांचा दंडक असल्याने अनेक सोयी पॅच म्हणून, म्हणजे कोडमध्ये करायच्या तयार बदलांच्या फाइली म्हणून, वेगळ्या मिळतात, आणि दोन पॅच एकाच ओळीला हात लावत असतील तर ते हाताने जुळवावे लागतात. ज्याला सी वाचता येते त्याला यात खरा आनंद आहे, कारण काही दिवसांत सगळा प्रोग्रॅम ओळखीचा होतो. इतरांना तो अडथळाच वाटेल. या दोहोंच्या मधला मार्ग ऑसमचा: मांडणी नियमाने होते आणि कॉन्फिगरेशन लुआ भाषेत लिहायचे असते.

दोन मॉनिटर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक फरक आहे. आयथ्रीमध्ये वर्कस्पेसचा एकच संच सर्व मॉनिटरमध्ये वाटला जातो. डीडब्ल्यूएममध्ये प्रत्येक मॉनिटरला वर्कस्पेसऐवजी स्वतःचे नऊ टॅग (विंडोंचे गट करणारी लेबले) मिळतात आणि एका विंडोला एकाहून अधिक टॅग देता येतात.

निवड कोणतीही केली, तरी पूर्ण डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट जी कामे न सांगता करत असे, ती आता स्वतः जुळवावी लागतात: आवाजाच्या कळा, वायफायचे चिन्ह, नोटिफिकेशन, कीबोर्डचा लेआउट, वॉलपेपर. माझ्याकडून यातले स्क्रीन लॉकच राहून गेले होते. लॅपटॉप झाकून ठेवला आणि तासाभराने उघडला, तेव्हा पासवर्ड न विचारताच सगळे पडद्यावर हजर होते. त्यानंतर पडदा कुलूपबंद करणारा आयथ्रीलॉक आणि तो वेळेवर चालू करणारा एक्सएसएस-लॉक यांची ओळ फाइलीत सर्वांत आधी लिहिण्याची सवय लागली.

वेलँडवर, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ प्रणालीच्या जागी येणाऱ्या नव्या प्रणालीवर, जायचे असेल, तर निवड आयथ्रीच्या बाजूने झुकते. २०१९ मध्ये १.० आवृत्तीला पोचलेला स्वे आयथ्रीचीच कॉन्फिगरेशन भाषा वापरतो, त्यामुळे जवळजवळ सगळे शॉर्टकट जसेच्या तसे चालतात. लॉक आणि मॉनिटरची मांडणी यांच्यासाठी मात्र स्वेलॉकसारखी वेगळी साधने व वेगळ्या ओळी लागतात. एनव्हिडियाचा मालकी हक्काचा ड्रायव्हर स्वे अधिकृतपणे स्वीकारत नाही, हे ग्राफिक्स कार्ड पाहून आधीच लक्षात घ्यावे.

पहिल्यांदाच टायलिंगकडे येणाऱ्याला मी आयथ्री सुचवेन, आणि तोही दुसऱ्या कोणाची सजवलेली फाइल न उतरवता, मूळ कॉन्फिगरेशनसह. जुना डेस्कटॉप काढून टाकू नये. लॉगिनच्या पडद्यावर दोन्ही सत्रे राहू द्यावीत, म्हणजे प्रिंटर जोडायचा असेल किंवा प्रोजेक्टरवर काही दाखवायचे असेल, त्या दिवशी ओळखीच्या जागी परतता येते.