कासवाच्या स्टिकरखालची चीर

"ताई, मी स्वतः डायव्हर आहे. डायव्हर डायव्हरला फसवेल का?"

विकणाऱ्याच्या या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी ३४ हजार रुपये दिले. वापरलेला ऑलिंपस टीजी-६ कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग, म्हणजे पाण्याखाली नेताना कॅमेरा ज्यात बंद करतात ती पेटी. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात होती : "फक्त तीन डायव्ह झालेत, नव्यासारखा." डायव्हिंगच्या हंगामात अशा जाहिराती भरपूर दिसतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी रत्नागिरीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ओहोटीला मुलांना घेऊन खडकांवर जायचं, डबक्यांतल्या बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी दाखवायच्या, हे कित्येक वर्षं चाललंय. त्याच गोगलगायी पाण्याखाली जाऊन टिपाव्यात म्हणून मी स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला.

कॅमेरा निवडताना घाई केली नव्हती. कॅननचा जी७ एक्स आणि सोनीचे आरएक्स१०० यांचा सेन्सर एक इंची, म्हणजे खोलवरच्या अंधुक उजेडात फोटो जास्त स्वच्छ येतात. पण हे कॅमेरे स्वतः वॉटरप्रूफ नाहीत. हाउसिंगमध्ये चमचाभर पाणी शिरलं तरी खेळ संपला. शिवाय नखाएवढा जीव टिपायचा तर बाहेरून वेगळी मॅक्रो लेन्स लावावी लागते. टीजी-६ चा सेन्सर लहान, पण तो एक सेंटिमीटरवरूनही फोकस करतो आणि नुसता, हाउसिंगशिवाय, १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे. ओपन वॉटरवाल्यांना १८ मीटरपर्यंत जाता येतं, म्हणून ४५ मीटरचं हाउसिंग वरून. समजा हाउसिंग गळलंच, तर १५ मीटरच्या आत कॅमेरा स्वतःला सांभाळतो. या दुहेरी संरक्षणासाठीच मी तो निवडला होता. आणि चोरी उघडी पडली तीही त्यामुळेच.

पुण्यात एका हॉटेलात भेटलो. माणूस चाळिशीचा, बोलायला गोड. हाताला पाण्याची खोली दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर, बोलण्यात अंदमान, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, लक्षद्वीप. हाउसिंगच्या मागच्या झाकणावर कासवाचं मोठं स्टिकर होतं. मी म्हटलं, छान आहे. तो म्हणाला, "आठवण आहे ताई, काढू नका." बिल मागितलं तर घर बदलताना हरवलं. नमुन्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले होते, त्याच्या मूळ फाइल मागितल्या तर "लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय." व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तो कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही माहितीच उरत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बादलीत बुडवून बघूया का, असं विचारलं तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिलं. त्याची गाडी होती म्हणे. कॅमेरा चालू केला, दोन फोटो काढले, पैसे यूपीआयने पाठवले. तारीख-वेळ पुन्हा भरावी लागली, तेही मी मनावर घेतलं नाही.

फेब्रुवारीत मुरुडेश्वरहून नेत्राणीला गेले. पहिल्या डायव्हला सात-आठ मीटरपर्यंत सगळं ठीक. मग एका खडकाच्या कडेला निळी-पिवळी गोगलगाय दिसली आणि मी तिच्यासाठी आणखी खाली उतरले. कॉम्प्युटरवर १२ मीटर. तिथे वरच्यापेक्षा दुपटीहून जास्त दाब असतो. व्हिडिओ चालू केला आणि हाउसिंगच्या तळाशी पाण्याची रेघ हलताना दिसली. इन्स्ट्रक्टरला खूण केली, ठरल्या वेगाने, थांबा घेत वर आले. तोवर स्क्रीन काळा झाला होता.

बोटीवर मी स्वतःलाच दोष देत होते. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणातून पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कड्यावर, केस अडकला असेल, वाळूचा कण असेल. इन्स्ट्रक्टरने ओ-रिंग काढून बोटांतून फिरवली. स्वच्छ होती. मग त्याने विचारलं, "मॅडम, हाउसिंग गळलं हे समजलं. पण बारा मीटरवर हा कॅमेरा का मेला?"

बॅटरीचं झाकण नीट बंद होतं, दोन्ही खटके लागलेले. मग उत्तर एकच : कॅमेऱ्याचं स्वतःचं संरक्षण आधीच गेलेलं होतं.

मुंबईतल्या दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी माझ्यासमोर तो उघडला. स्क्रूंची डोकी खाल्लेली. सांध्यात रबरी सीलऐवजी ट्यूबमधला गोंद. बोर्डावर हाताने केलेलं सोल्डरिंग. आत मीठही होतं, पण ते माझ्या डायव्हचं असू शकतं म्हणून ते मी पुरावा धरत नाही. गोंद आणि सोल्डरिंग मात्र मी केलेलं नाही. कॅमेरा आधी एकदा बुडाला होता, उघडून कसाबसा चालू केला होता आणि मला विकला होता. घरी आल्यावर कासवाचं स्टिकर गरम पाण्याने सोडवलं. खाली बिजागरीपासून निघालेली दोन इंचांची चीर, आणि तीत भरलेला पारदर्शक गोंद.

मला सगळ्यात राग याचा येतो. पैसे तर गेलेच. पण पाण्याखाली माणूस घाबरून भसकन वर आला तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्या माणसाला हे माहीत होतं. तो खरोखरच डायव्हर होता.

त्याला फोन केला. "पाणी तुम्ही घातलंत ताई, मी काय करू?" नंतर नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला. सोबत चॅट, यूपीआयचा व्यवहार आणि दुरुस्तीवाल्यांनी लिहून दिलेला कागद जोडला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते अर्जात लिहिलं. वस्तू खाजगी माणसाकडून घेतली होती, दुकानदाराकडून नाही, म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता मला उपयोगाचा नव्हता. पक्क्या बिलाची किंमत तेव्हा कळली.

वापरलेला सेट घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर हाउसिंगवरचं प्रत्येक स्टिकर काढायला लावा, तो "आठवण" म्हणाला तर आधी तेच काढा. मोबाइलचा टॉर्च प्लॅस्टिकला आडवा लावून बिजागऱ्या आणि खटक्यांभोवती पाहा, चीर उजेडात चमकते. रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवून ते वजनाने बादलीत अर्धा तास दाबून ठेवा, सगळी बटणं दाबा. तरीही बादलीत १२ मीटरचा दाब नसतो, म्हणून पहिल्या डायव्हला हाउसिंग रिकामंच न्या. टीजीसारखा कॅमेरा हातात धरून गरम करा आणि थंड पाण्यात बुडवा : लेन्सच्या काचेला आतून वाफ धरली तर आत ओल आहे. स्क्रूंची डोकी भिंगाने पाहा. यातल्या कशालाही नकार मिळाला तर उठून या, चहाचे पैसे देऊन या, पण उठून या.

मेमरी कार्ड वाचलं. त्यात त्या गोगलगायीचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे, शेवटी थोडा थरथरलेला. मुलांना दाखवला.

हाउसिंग तक्रारीचा पुरावा म्हणून कपाटात ठेवलंय. प्रकरण निकालात निघालं की त्याचे खटके करवतीने कापणार आहे, म्हणजे ते पुन्हा कुणाला विकता येणार नाही.