गेम पब्लिशरच्या नावाखाली माझे 73,160 रुपये लुबाडले

आकडा आधीच सांगते. 14,160, मग 35,400, मग 23,600. एकूण 73,160 रुपये. प्रत्येक रकमेत 18 टक्के जीएसटी धरलेला, बिलावर जीएसटी नंबर छापलेला. चोरसुद्धा आता कर लावून चोरी करतात.

नोकरी सांभाळून रात्री मी गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर गेम बनवत होते. जुन्या बारवेत पाणी चढवायचं, उतरवायचं आणि वाट काढायची, असा कोड्यांचा गेम. गोडो फुकट, चित्रं माझी. खिशातून गेले होते ते फक्त स्टीम या गेम विकायच्या साइटचे 100 डॉलर. हे पैसे खरेच भरावे लागतात, 2017 पासून प्रत्येक गेममागे, आणि गेमची कमाई 1,000 डॉलरवर गेली की परत मिळतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

स्टीमवर पेज लागलं आणि डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर मेसेज आला. आम्ही पब्लिशर, भारतीय इंडी (छोटे, स्वतंत्र) गेम कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर) नेतो, वगैरे. अशा मेसेजांना मी उत्तर देत नाही. पण या माणसाने तिसऱ्या बारवेतल्या कोड्याबद्दल लिहिलं होतं, आणि डेमो खेळल्याशिवाय ते कोडं कुणाला दिसत नाही. घरात आजवर कुणी तिथपर्यंत पोचलं नव्हतं! मग मी उत्तर दिलं. तुम्हीही दिलं असतं.

पहिले 14,160 टेस्टिंगचे. रिपोर्ट आला आणि त्यातले दोन बग चक्क खरे निघाले, मी ते दुरुस्तही केले. विश्वास बसला तो तिथे. दुसरी मागणी कन्सोलच्या डेव्हकिटच्या (गेम बनवणाऱ्यांना देतात त्या खास मशीनच्या) डिपॉझिटची, 35,400. "रिफंडेबल आहे मॅम, स्टीमच्या 100 डॉलरसारखंच." बघा, कसं बरोबर खऱ्या नियमाला खोटा नियम चिकटवला. (एक्सबॉक्सच्या आयडी ॲट एक्सबॉक्स योजनेत अर्ज करायला पैसे लागत नाहीत आणि अर्ज स्वतःलाच करता येतो. हे मला नंतर कळलं.)

त्याने क्यूआर पाठवला. मी स्कॅन केला. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं ते एका किराणा अँड जनरल स्टोअर्सचं. गेम पब्लिशर, बेंगळुरूचा पत्ता, आणि पैसे चाललेत किराणा दुकानात! मी थांबले, विचारलंसुद्धा. "व्हेंडर अकाउंट आहे मॅम, ऑडिटमुळे मेन अकाउंट होल्डवर आहे." आणि मी पिन टाकला. तो स्क्रीन अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पण मला सांगा, आपल्याकडे धंद्याचे पैसे सरळ नावावर घेतो कोण? आमचा प्लंबर मेव्हण्याच्या नंबरवर घेतो. आणि गेमच्या धंद्यात खऱ्या गोष्टीच इतक्या विचित्र असतात की खोट्या त्यात बेमालूम मिसळतात. इथे बसून अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरा, फी भरल्यावर 30 दिवस थांबा, मगच गेम रिलीज करा. हे सगळं निमूट केलेल्या माणसाला एक किराणा दुकान काय जड जाणार?

तिसरे 23,600 जपानी आणि चिनी भाषांतराचे. ही रक्कम भिशीतून उचलली होती. त्याच वेळी रिव्ह्यूवाल्यांना द्यायला म्हणून 300 की (गेम फुकट चालू करायचे कोड) मागितल्या. मी दिलेल्या की कोड विकणाऱ्या साइटवर दिसल्या, तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. तोवर डिस्कॉर्डचं खातं गायब. स्टीमवर क्युरेटरला (गेम सुचवणाऱ्या रिव्ह्यूवाल्याला) थेट गेम पाठवायची सोय आहे, त्यात की द्यावीच लागत नाही, म्हणजे विकलीही जात नाही. आणि दिलेल्या की स्टीमवर्क्समधून (स्टीमच्या गेम बनवणाऱ्यांसाठीच्या पॅनेलमधून) रद्द करता येतात, मी सगळ्या केल्या.

बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. पहिले दोन आकडे राज्याचे. कर्नाटक 29, महाराष्ट्र 27. माझ्या बिलावर 09 होता, म्हणजे उत्तर प्रदेश, आणि नंबर निघाला भलत्याच कुणाचा.

आता पुढची कथा. बँकेत गेले, तर पिन तुम्हीच टाकलात, मग आम्ही काय करणार? पोलीस ठाण्यात गेले. "गेम म्हणजे रमीचा का?" नाही हो, मी गेम बनवते. "म्हणजे तुम्हीच रमी चालवता?" शेजारच्या टेबलावरचा हसला. मग मिस्टर कुठे आहेत, ते का नाही आले, एवढे पैसे त्यांना विचारून दिले का. मिस्टरांचा काय संबंध? गेम माझा, पगार माझा, भिशी माझी. मग म्हणे बिल आहे, काम थोडं तरी झालंय, म्हणजे हा दिवाणी मामला, वकील गाठा. मग म्हणे पत्ता बेंगळुरूचा, तिकडे तक्रार करा. एका साहेबांनी तर 'तिसरी बारव' म्हणजे कुठल्या गावची, असं विचारून तेच लिहून घेतलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, नवीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय. मी ते मोबाईलवर दाखवलं तर "मॅडम, आम्हाला शिकवू नका." फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं 318 आहे, हेही मीच सांगितलं. शेवटी अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. नुसता शिक्का. एफआयआर नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर पैसे जाताक्षणी फोन करा. मी केला तोवर खात्यातून रक्कम उचलली गेली होती. पुरावे नुसते डिस्कॉर्डवर ठेवू नका, लगेच स्क्रीनशॉट काढा, समोरचा मेसेज पुसतो. माझे अर्धे पुरावे तसेच गेले.

आणि पब्लिशर म्हणवणारा जो कुणी तुमच्याकडे पैसे मागेल त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा, मग तो तुमचं कितवंही कोडं सोडवून आलेला असो. खरा पब्लिशर पैसे देतो आणि कमाईत वाटा घेतो.

याच मजकुराचा मेसेज मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका मुलाला आलाय, नाव वेगळं, लोगो तोच. त्याच्याकडे टेस्टिंगचे 16,520 मागितलेत. माझ्यापेक्षा 2,360 जास्त. भाव वाढलाय.