फ्लूक ६२ मॅक्स प्लस: रंगवलेल्या मोटरवर भरवशाची, उघड्या तांब्यावर नाही

वस्तूला न टेकवता लांबून पृष्ठभागाचं तापमान मोजणाऱ्या या टेम्परेचर गनचा पल्ला उणे ३० ते ६५० अंश सेल्सिअस. शून्याच्या वर अचूकता १ अंश किंवा वाचनाच्या १ टक्का, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे ४०० अंशांवर ४ अंश इकडेतिकडे. मेंटेनन्सच्या रोजच्या फेरीला एवढं पुरेसं आहे, पण त्यासाठी एमिसिव्हिटी (पृष्ठभाग उष्णतेचे किरण किती चांगले सोडतो ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) गनवर बरोबर लावलेली हवी आणि मोजायची वस्तू गन जेवढं वर्तुळ मापते त्याला पुरून उरली पाहिजे.

बहुतेक ठिकाणी ही गन कायम ०.९५ वरच असते. रंगवलेली मोटर, रबर, गंजलेलं लोखंड यांना ते चालतं. रंग काळा की पांढरा याने फारसा फरक पडत नाही. सिल्व्हर पेंटने मात्र पडतो, कारण त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते. त्या रंगाच्या गरम पाइपवर आकडा कमीच येणार. घासून चकचकीत केलेला तांब्याचा बसबार (पॅनलमधली वीज वाहून नेणारी पट्टी) तर धोकादायक: एमिसिव्हिटी ०.१च्या आसपास, त्यामुळे बसबार ९० अंशांवर आणि भोवताल ३० वर असेल, तर ०.९५ वरची गन साधारण ३८ दाखवते. पॅनल थंड आहे असं समजून माणूस पुढे जातो.

सेटिंग ०.१० पर्यंत खाली आणता येतं, पण तसं करू नये. इतक्या खाली ०.०२ चा फरकही आकडा कुठच्या कुठे नेतो आणि भोवतालचं प्रतिबिंब त्यात मिसळतं ते वेगळंच. त्यापेक्षा सप्लाय बंद करून, लॉकआउट (कोणी चुकून सप्लाय सुरू करू नये म्हणून कुलूप) लावून, बसबारवर काळी पीव्हीसी टेप हवा न राहता चिकटवावी. लोड देऊन तापमान स्थिर झालं की टेपवर ०.९५ ने मोजावं. साधी टेप ८० अंशांच्या पुढे टिकेलच असं नाही. तिथे उष्णता सोसणारा मॅट रंग लावावा.

अंतराचं गुणोत्तर १२:१, म्हणजे ६० सेंमीवरून ५ सेंमीचं वर्तुळ मापलं जातं. वस्तू त्याच्या दुप्पट असावी. जवळ गेलं तरी वर्तुळ १९ मिमीच्या खाली येत नाही, म्हणून साधारण ४ सेंमीपेक्षा लहान लगचा (केबलच्या टोकाला जोडणीसाठी बसवलेल्या धातूच्या तुकड्याचा) आकडा खरा धरू नये. सारख्या लोडवरच्या तीन फेजचे सारखे लग एकाच अंतरावरून ताडून पाहायला मात्र गन चांगली. दोन लेसर फक्त नेम दाखवतात, मापत नाहीत. पॅनलच्या ॲक्रिलिक झाकणातून मोजलं तर झाकणाचंच तापमान येतं.

एसीच्या खोलीतून थेट बॉयलरपाशी नेल्यावर अर्धा तास थांबावं, नाहीतर आकडा सरकत राहतो. तपासणी घरीही होते: रुंद भांड्यात बर्फाचा चुरा, बुडण्यापुरतं पाणी, नीट ढवळून, १० सेंमीवरून सरळ खाली नेम धरून, ०.९७ वर. आकडा शून्याच्या एक अंश आतबाहेर यायला हवा. उकळत्या पाण्यावर तपासू नये, वाफ आड येते आणि भिंगावर धरते.

धूळ आणि पाण्याचे शिंतोडे सोसणारी आयपी५४ बांधणी, ३ मीटरवरून पडणं सोसण्याची चाचणी आणि एकच एए सेल, हे सगळं शॉपफ्लोअरला साजेसं आहे. साध्या ६२ मॅक्सचं गुणोत्तर १०:१ आणि वरची मर्यादा ५०० अंश. मोटर, बेअरिंग आणि एसीच्या ग्रिलपुरतं काम असेल तर तीच घ्यावी. ताप मोजायला दोन्हींपैकी एकही वापरू नये, तिथे एका अंशाची चूक फार मोठी होते.