बेंड पाइपला स्प्रे की सिरॅमिक?

मोटरसायकलच्या इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणारा बेंड पाइप गंजला की त्यावर उष्णता सोसणाऱ्या रंगाचा स्प्रे मारायचा की सिरॅमिकचा थर चढवून घ्यायचा, हा निर्णय पाइप घासायला घेण्याआधीच व्हायला हवा. स्प्रे मारायचा तर 80 नंबरचा पेपर पुरतो; सिरॅमिक करायचं तर पाइप आहे तसा, गंजासकट ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ करायला, गेलेला बरा. अर्धवट घासून चार दिवस कोपऱ्यात ठेवलेला पाइप दोन्हीकडून वाया जातो. रत्नागिरी-मालवणच्या हवेत पावसाळ्यात उघडं लोखंड संध्याकाळपर्यंत तांबूस दिसायला लागतं.

हे सगळं साध्या लोखंडी पाइपबद्दल. स्टेनलेसवाल्यांनी निळसर झालेला पाइप पॉलिश करावा आणि पुढे जावं. पावडर कोटिंगचा मोह खूप जणांना होतो, पण नेहमीची पॉलिएस्टर पावडर भट्टीत भाजतातच 180 ते 200 अंशांना. घासलेल्या लोखंडी बेंडवर इंजिनाच्या हेडपासून वीतभर निळी झाक येते, म्हणजे तिथे तापमान 300 च्या आसपास पोचलेलं असतं. पावडर तिथे करपणारच. सायलेन्सरच्या जाळीला मात्र ती खुशाल मारा. पाइपला गुंडाळायची फायबरची पट्टी पावसात पाणी धरून ठेवते आणि आतल्या आत पाइप खाते, त्यामुळे कोकणात तिचं नाव नको.

सिरॅमिकचं कौतुक खोटं नाही. थर जेमतेम 25 मायक्रॉनचा, पण कडक. बुटाची टाच घासली, पेट्रोल सांडलं, तापलेला पाइप डबक्यात गेला तरी सहसा काही होत नाही. काम बिघडतं ते तयारीत. जुन्या पाइपच्या वेल्डिंगमध्ये आणि सांध्यांत तेल मुरलेलं असतं. ब्लास्टिंगआधी पाइप भट्टीत तापवून ते जाळून टाकावं लागतं. ही पायरी गाळली तर पहिल्या लांबच्या फेरीत तेल बाहेर येतं आणि नेमका वेल्डच्या कडेने फुगा धरतो. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: पाइप आधी जाळून घेणार का, आणि ब्लास्टिंगच्या वेळी दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद करणार का? बुचं नसतील तर वाळू सायलेन्सरच्या कप्प्यांत शिरते आणि पुढे कितीतरी दिवस खुळखुळत राहते. हवेत सुकणारा प्रकार असेल तर पूर्ण कडक व्हायला साधारण पाच दिवस द्या, तोवर पाइपवर पेट्रोलचा थेंबही नको.

स्प्रे म्हणजे 600 अंशांपर्यंत टिकणारा सिलिकॉन रंग. काळ्यापेक्षा चंदेरी घ्या, त्यातली अ‍ॅल्युमिनियमची पूड उष्णतेला जास्त टिकते. काळा हेडजवळ लवकर राखाडी पडतो. 400 मिलीच्या एका डब्यात बेंड आणि सायलेन्सर दोन्हींचे तीन हात आरामात होतात. डबा काहीशे रुपयांचा, सिरॅमिकचं बिल हजारांत.

घासून झालं की अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी पाइप धरू नका, बोटांचे ठसे रंगाखाली भाजून उमटतात. खाली रेड ऑक्साइड मारायचा मोह टाळा. तो जळतो आणि वरचा रंगही सोबत नेतो. जस्ताचा प्रायमरही बेंडला नको, जस्त 419 अंशांनाच वितळतं. गंज बदलणारं केमिकल लावून त्यावर रंग देऊ नका. थेट लोखंडावर, 25 सेंटिमीटरवरून तीन पातळ हात, मधे पंधरा-पंधरा मिनिटं. एकाच दमात जाड थर दिला तर आत अडकलेलं थिनर तापल्यावर फोड आणतं. दिवस कोरडा निवडा: एप्रिल-मे, नाहीतर दिवाळीनंतर.

रंग सुकला म्हणजे काम झालं नाही, तो भाजावा लागतो. इंजिन दहा मिनिटं चालू, पाइप पूर्ण थंड. मग वीस मिनिटं, पुन्हा थंड. मग वीसेक किलोमीटरची फेरी. गाडी उभी असताना हेडसमोर पंखा लावा. थोडा धूर निघतो, घाबरू नका.

इथे स्प्रेची खरी खोड दिसते. बेंड तापतो, पण सायलेन्सरचा मागचा अर्धा भाग क्वचितच 200 अंशांपर्यंत जातो, म्हणून तिथला रंग कायम कच्चा राहतो. वॉशिंगवाल्याने डिझेल मारून फडकं फिरवलं की चंदेरी रंग फडक्यावर येतो. यावर उपाय पावडर कोटिंगवाल्याकडेच आहे. रंग एक दिवस सुकू द्या, मग सायलेन्सर त्याच्या भट्टीत 200 अंशांना तासभर ठेवून घ्या. पावडर नको, फक्त भट्टी हवी, हे त्याला नीट समजावून सांगावं लागतं.

एवढी कटकट असूनही माझा कल स्प्रेकडेच आहे, आणि त्याचं कारण आहे खडी. पुढचं चाक खडे उडवतं ते बरोबर बेंडच्या खालच्या वळणावर. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडतोच, रंग कुठलाही असो. त्या जागेकडे दुर्लक्ष झालं तर एका पावसात गंज कडेने आत सरकतो आणि भोवतालचा थर पापडासारखा सुटतो. सिरॅमिकच्या पाइपला टवका उडाला तर ब्रशने डाग बुजवता येतो म्हणतात, पण ब्लास्टिंगशिवाय तो किती धरेल याची मला तरी खात्री वाटत नाही. नीट करायचं तर पाइप उतरवून पुन्हा पहिल्यापासून सगळं. आणि उतरवणं हेच खरं दुखणं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गंजलेले लोखंडी स्टड, त्यांवर आवळलेले नट. प्रत्येक वेळी पाना लावताना स्टड तुटायची धास्ती, शिवाय दर वेळी बेंडचा गॅस्केट नवा.

स्प्रेचा डाग गाडीवरच निघतो. भोवती कागद आणि मास्किंग टेप, रुपयाएवढी जागा 80 च्या पेपरने पांढरी, अ‍ॅसिटोनचा बोळा, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून तीन हात, आणि बाजारापर्यंत एक फेरी. तासाभराचं काम. दर पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, बस्स.

इंजिन ओव्हरहॉलला उघडलेलंच असेल, किंवा गाडी शेडमध्ये राहते आणि डांबरी रस्ता सोडत नाही, तर सिरॅमिक करायला हरकत नाही. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

त्याआधी सायलेन्सरचा मागचा तळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास लिटरभरच पाणी वाफ होऊन पाइपमधून जातं. घर ते दुकान अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर नीट तापत नाही, मग ते पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. तळाशी पाणी निघायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा. ठोकल्यावर खणखणीत वाजला तर वर काय लावायचं ते ठरवा. बद्द आवाज आला तर ते पैसे नव्या सायलेन्सरसाठी ठेवा.