तुलांबेनचं लिबर्टी: बोटीशिवायचा रेक डाइव्ह
बालीतल्या तुलांबेनला बोटीचा खर्च नाही. लिबर्टी या बुडालेल्या जहाजाचा सांगाडा (रेक) किनाऱ्याला लागूनच आहे. 1942 मध्ये जपानी टॉर्पेडोने निकामी झालेलं हे अमेरिकन मालवाहू जहाज 1963 च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात किनाऱ्यावरून पाण्यात सरकलं. वरचा भाग 5 मीटरवर, तळ 30 च्या आसपास. खरा त्रास किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांचा. जाड तळाचे बूट हवेतच, आणि फिन्स कंबरभर पाण्यात गेल्यावरच चढवा. आधी घातल्या की लाट आडवं पाडते, मास्क जातो. सिलिंडर गावातल्या बायका डोक्यावरून आणतात (बक्षिशी द्या!). नायट्रॉक्स 32 (32 टक्के ऑक्सिजनची हवा) घ्या, खोलीची मर्यादा 33 मीटर, इथे नेमकं पुरतं. खोल टोक आधी; सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधी उथळ पाण्यातला थांबा) सांगाड्याच्या उथळ बाजूलाच उरकतो. सकाळी लवकर उतरा, नंतर दक्षिण बालीहून डायव्हर्सच्या गाड्या येतात.